नाताळच्या कार्डावरची तिसरी ओळ

"खळ पातळ झालीय. याच्यानं चिकटवलेल्या चांदण्या उद्या सकाळी खाली पडलेल्या दिसतील," साळवेबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन त्यांनी ते परत स्टोव्हवर चढवलं.

नाताळ तीन आठवड्यांवर आला होता. बोर्डिंगच्या मागच्या पडवीत आम्ही बेचाळीस मुली मांडीवर पाट्या घेऊन बसलो होतो. पाट्यांवर लिहायचं नव्हतं, कागद कापायचे होते. पतंगी कागद, बेगड, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, कापूस, आणि परदेशातून गेल्या वर्षी आलेली रंगीत कार्डं. मधोमध साळवेबाई. गव्हाच्या पिठाची खळ ढवळताना त्या चिमूटभर मोरचूद टाकत आणि दरवेळी बजावत, "बोटं चाटायची नाहीत. पोटात गेलं तर नाताळ दवाखान्यात."

बाईंच्या हातात कात्री आली की कागदाचं काहीतरी व्हायचंच. आठ घड्या घालून त्या चार काप देत आणि उलगडून दाखवत, तर आत जाळीदार फूल. झिरमिळ्या कशा कापायच्या, बांबूच्या कामट्या वाकवून चांदणी कशी बांधायची, सुरूच्या फांदीला कापूस कुठं चिकटवायचा म्हणजे तो बर्फासारखा दिसतो, सगळं मी त्यांच्याकडून शिकले. बर्फ त्यांनीही पाहिलेला नव्हता. पुढं तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. कात्री कशी धरायची हे मुलांना सांगताना माझ्या तोंडून त्यांचेच शब्द निघत: "कात्री नाही फिरवायची, कागद फिरवायचा." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कोणाला बाई वाईट वाटतील. त्या वाईट नव्हत्या.

ते चौऱ्याहत्तर साल होतं. मी अकरा वर्षांची, पाचवीत. नाव इस्तेर वाघचौरे. दुसरीत असताना वडील गेले आणि आईनं मला मिशनच्या त्या बोर्डिंगात आणून सोडलं. आई स्वतः पाच तासांच्या अंतरावर एका दवाखान्यात आया म्हणून लागली. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी ती एसटीनं येई, पदरात भुईमुगाच्या शेंगा घेऊन. पहिल्याच दिवशी फाटकापाशी तिनं मला सांगितलं होतं, "हितं मला आई म्हनायचं न्हाई. मावशी म्हनायचं. समद्यांपुढं मावशी."

"का?"

"म्हन म्हंते ना."

मी म्हणायला लागले. सुरुवातीला मला तो खेळ वाटायचा. मग सवय झाली. विहिरीमागं आम्ही दोघीच असलो की मी हळूच आई म्हणायची, आणि ती आजूबाजूला बघून मगच ओ द्यायची.

खळ घट्ट झाली आणि बाईंनी फळा आणून भिंतीला टेकवला. आता खरं काम सुरू होणार होतं. आमच्या प्रत्येकीच्या नावावर परदेशात कोणी ना कोणी साहेब नाहीतर मडम होती. त्यांच्या जिवावर आमचं जेवण, कपडे, पुस्तकं चालत. दर नाताळला प्रत्येकीनं आपल्या हातानं कार्ड करून त्यांना पाठवायचं. बाहेर चित्र आपल्या मनचं, आत बाईंनी फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजीच्या तीन ओळी. त्या उतरवून काढायच्या आणि खाली नाव घालायचं.

तीन वर्षं मी त्या ओळी नक्षी काढावी तशा काढत आले होते. बाई कौतुक करायच्या, "इस्तेरचं अक्षर बघा, छापल्यासारखं." पण त्या वर्षी जूनपासून आम्हाला इंग्रजी सुरू झालं होतं. पुस्तकात पहिलंच चित्र एका कुटुंबाचं होतं. त्याखालचे शब्द मला पाठ होते.

पहिली ओळ नाताळच्या शुभेच्छांची. दुसरी आभारांची. तिसरी लिहिताना माझा हात एका शब्दावर थांबला. मदर. त्याच्या आधी नो. मी पुन्हा वाचलं. मला वडील नाहीत, मला आई नाही, तुमच्यावाचून मला कोणी नाही.

शेजारी रूथ बसली होती, माझी मैत्रीण, सहावीतली. तिला खरोखरच आई-वडील दोघंही नव्हते. मी तिला कोपर लावलं. "रूथ, हा शब्द काय आहे गं?"

तिनं वाचलं. "आई नाही म्हणून लिहिलंय."

"पण मला आहे."

रूथनं खाली बघत चांदणीचं टोक दुमडलं. "बोर्डिंगातल्या बऱ्याच जणींना आहे," ती म्हणाली. "लिही गुपचूप."

मी तिसरी ओळ लिहिली नाही. त्याऐवजी गोठ्यातून ज्वारीची ताटं आणली. ताटाची साल नखानं सोलायची, तिच्या चोया करायच्या, आतल्या पांढऱ्या भेंडाचे तुकडे पाडायचे आणि चोया त्यात खुपसून काहीही उभं करायचं. बैलगाडी, पाळणा, चष्मा. हे मला आईनं शिकवलं होतं, वडील असताना, शेताच्या बांधावर बसून. मी भेंडाची गव्हाण केली, बाळ येशूला निजवली होती तसली, काडेपेटीएवढी, आणि कार्डावर चिकटवली. बाकीच्या मुलींच्या कार्डांवर धुराडं असलेली घरं होती, कापसाचा बर्फ होता.

संध्याकाळी बाईंनी कार्डं तपासली आणि मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

"गव्हाण सुरेख झालीय. पण ओळ राहिलीय एक."

"बाई, मला आई आहे."

त्यांनी दार लोटून घेतलं. "आहे ना. मी कुठं नाही म्हणते?"

"यात नाही म्हटलंय."

बाई कॉटवर बसल्या, मलाही बसवलं. "हे बघ इस्तेर. हे बोर्डिंग ज्यांना कोणी नाही अशा मुलींसाठी आहे. तसा नियम आहे, आणि तो इथं नाही, तिकडं लांब ठरलाय. तुझ्या आईला दवाखान्यात राहायला जागा मिळते ती एकट्या बाईला मिळते. तुला ती ठेवणार कुठं? शिकवणार कशी? मी तुला घेतलं ते तुझ्यावर दया म्हणूनच. आणि तुझ्या आईला हे सगळं माहीत आहे. अर्ज तिच्यासमोर भरलाय, तिला वाचून दाखवलाय."

"आईनं होय म्हटलं?"

"म्हटलं. रडत म्हटलं, पण म्हटलं."

मला वाटत होतं, बाई चुकून लिहून बसल्यात आणि मी सांगितल्यावर पुसतील. आईला माहीत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मी नाही लिहिणार," मी म्हणाले.

"नको लिहू. मी लिहिते." त्यांनी माझं कार्ड घेतलं आणि माझ्याच अक्षराच्या वळणात तिसरी ओळ लिहून टाकली. मग माझ्या केसांवरून हात फिरवला. "मोठी झालीस की कळेल."

त्या वर्षी कार्डं टपालानं जाणार नव्हती. तिकडचे पाहुणेच येणार होते. एक वयस्कर मडम आणि तिचा नवरा. माझा खर्च करणारी मडम हीच. ते गुरुवारी यायचे होते, पण त्यांची जीप वाटेत बंद पडली आणि निरोप आला की शनिवारी येतो. नाताळच्या आधीचा शनिवार, महिन्यातला तिसरा. आईला निरोप पोचवायला कोणी नव्हतं. ती नेहमीसारखी अकराच्या गाडीनं आली. बाईंनी तिला आणि आणखी चार-पाच जणींच्या 'मावश्यां'ना स्वयंपाकघरामागच्या सरपणाच्या छपरात बसवलं. "पाहुणे जाईस्तोवर इथून हलू नका," त्यांनी सांगितलं.

मी पळत जाऊन आईला भेटले. तिनं शेंगा काढल्या. मी विचारलं, "माझ्या अर्जात तू काय लिहायला लावलंस?"

तिचा चेहरा उतरला. "कुनी सांगितलं तुला?"

"मी वाचलं."

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. खाल्ली एकही नाही. शेवटी म्हणाली, "शिकाया लागलीस म्हंजे." एवढंच. मी तिथून उठले.

कार्डं दिवाणखान्यात सुतळीवर लटकवलेली होती. मुली पटांगणात गाण्याची तालीम करत होत्या. मी माझं कार्ड काढलं. जांभळ्या पतंगी कागदाची एक बाई कापली. नऊवारी नेसलेली, कमरेवर हात. कात्री धरून ठेवली आणि कागद फिरवला. खळ लावून ती बाई मी बरोबर तिसऱ्या ओळीवर चिकटवली, एकही अक्षर दिसणार नाही अशी. तिच्या पायाशी मराठीत लिहिलं, सगुणा वाघचौरे, माझी आई. आणि कार्ड परत सुतळीवर अडकवलं.

पाहुणे बाराला आले. मडम उंच, पांढऱ्या केसांची, हसरी. गाणी झाली. मग ती कार्डं बघायला लागली. बर्फाची घरं बघत बघत पुढं सरकली आणि माझ्या कार्डापाशी थांबली. तिनं भेंडाच्या गव्हाणीला बोट लावून बघितलं, काहीतरी विचारलं. बाईंनी मला पुढं ढकललं. "हिनं केलंय, इस्तेरनं."

मडमनं कार्ड उघडलं. जांभळी बाई बघून तिनं पुन्हा विचारलं. त्यातलं मेरी, म्हणजे येशूची आई, हे नाव मला कळलं. बाईंनी आत डोकावून पाहिलं. पायाशी लिहिलेलं वाचलं. त्यांचा आवाज जराही बदलला नाही. त्या यस म्हणाल्या, आणि मेरी म्हणाल्या.

"नो," मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. माझ्या आयुष्यात मी वर्गाबाहेर इंग्रजीचा शब्द उच्चारला नव्हता. पुस्तकातलं पहिल्या पानावरचं वाक्य मी आठवलं आणि कागदी बाईवर बोट ठेवून मोठ्यानं म्हटलं, "धिस इज माय मदर."

मडम गोंधळली. बाई भराभर काही बोलल्या. त्यात आंटी असा शब्द होता.

"नो आंटी," मी म्हणाले. "मदर." आणि हात करून स्वयंपाकघराकडं दाखवलं.

मडम निघालीच. लांब लांब ढांगा टाकत ती छपरापाशी पोचली, मागून बाई, मागून मी आणि तिचा नवरा. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. आईचे डोळे घारे होते आणि माझेही तसेच. बाकी कोणाचेच नव्हते. मडम सरळ आईसमोर जाऊन थांबली. तिनं प्रश्न विचारला. बाईंनी तो मराठीत सांगितला. "या विचारतात, तुम्ही हिच्या कोण?"

आईनं बाईंकडं बघितलं. "मावशी हाय जी."

मडमनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आईच्या तोंडाकडं बघितलं आणि पुन्हा तेच विचारलं.

"मावशी," आई म्हणाली. पदर डोक्यावर ओढून घेतला.

आता माझ्याजवळ इंग्रजीतलं दुसरं वाक्य नव्हतं, आणि मराठीतलंही नव्हतं. वातावरण निवळावं म्हणून असेल, मडमच्या नवऱ्यानं पिशवीतून माझ्या नावाचा खोका काढला. चकचकीत कागद, लाल फीत. वरच्या काचेतून बाहुली दिसत होती, सोनेरी केसांची. तसली बाहुली मी फक्त कार्डावर पाहिली होती. त्यानं ती माझ्या हातात दिली.

मी ती सरपणाच्या ओंडक्यावर ठेवली. "मला नको."

"इस्तेर, घे," बाई म्हणाल्या.

"ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी आहे ना ती? मग ती रूथला द्या. मला नको."

"घे म्हणते ना."

"नाही घेणार. आणि जेवणार पण नाही इथलं."

अकरा वर्षांच्या पोरीचा हट्ट होता तो. मागचापुढचा काही विचार नव्हता त्यात. माझ्यामुळं आईची नोकरी जाईल, बाकीच्या मुलींवर संकट येईल, यातलं काहीच मला सुचलं नाही. मला एवढंच समजत होतं की मी ती बाहुली उचलली तर तिसरी ओळ खरी ठरेल.

मडमनं बाईंना बाजूला केलं, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी भाषांतर कोणी केलं नाही. आई माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ हलले, मावशी म्हणायलाच हलले असावेत. मग तिनं डोक्यावरचा पदर खाली ओढला, कमरेला खोचला आणि म्हणाली, "न्हाई हो बाई. माझ्या पोटची हाय ती. दोन डाव खोटं बोलले, आता न्हाई बोलवत. हिची ट्रंक द्या."

मडमला भाषांतर करून सांगावं लागलंच नाही. ती बिचारी डोळे पुसत काहीतरी म्हणत राहिली. बहुतेक असं की मुलीला नेऊ नका. पण आई आता ऐकायच्या पलीकडं गेली होती.

माझी ट्रंक भरायला साळवेबाई स्वतः आल्या. दोन फ्रॉक, शाल, पुस्तकं. घड्या घालता घालता म्हणाल्या, "मी तुला काढलं नाही. ते लक्षात ठेव."

"हो बाई."

"तुझा राग नाही आला मला." त्यांनी शाल पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली. "मीही इथंच वाढले. पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत. माझीही एक मावशी यायची."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"अकरा वर्षं मावशी म्हटलं," बाई म्हणाल्या. "ती शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा मी नोकरीला लागले होते, कोणाला भ्यायचं कारण नव्हतं. उशाशी बसले होते. ती म्हणाली, एकदा हाक मार. आणि माझ्या तोंडून मावशीच निघालं. जीभ वळलीच नाही." त्यांनी ट्रंकेची कडी लावली. "जा. आई थांबलीय."

दार उघडं असताना त्यांनी आई हा शब्द उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. बोर्डिंग बंद पडलं नाही, कोणाही मुलीला काढलं नाही. मडमनं तिकडं जाऊन काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. पण पुढच्या नाताळला रूथचं पत्र आलं की फळ्यावर दोनच ओळी होत्या. कारण बाईंनी सांगितलं नव्हतं. आईची नोकरी टिकली, खोली मात्र गेली. दवाखान्याच्या धोबीघाटामागं पत्र्याची एक खोली मिळाली, तिथं आम्ही सात वर्षं काढली. नगरपालिकेच्या शाळेत मी एक वर्ष नापास झाले. उन्हाळ्यात पत्रा तापला की आम्ही दोघी ओलं धडपं डोक्यावर घेऊन बसायचो, आणि अशा वेळी आई मला दोष द्यायलाही कमी करायची नाही. "तिथं पंखा होता," म्हणायची.

पण त्या शनिवारचं अजून राहिलंय.

एसटीत आई खिडकीशी बसली. मांडीवर ट्रंक, नजर खिडकीबाहेर. अर्ध्या वाटेत एकदम म्हणाली, "पोटाला मिळत होतं. शाळा होती. आता काय करू तुझं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत न्हाई म्हनं." ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं तिनं माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, जरा जोरातच.

दिवेलागणीला आम्ही उतरलो. दवाखान्याला दोन वाटा होत्या. मागची वाट आयांच्या खोल्यांकडं जायची, तिथून कोणाच्या नजरेला न पडता आत शिरता आलं असतं. आई त्या वाटेशी घुटमळली. मग ट्रंक या हातातून त्या हातात घेतली आणि मला पुढं घालून मोठ्या फाटकातून चालायला लागली.

पायऱ्यांवर मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. नाताळच्या चांदण्या टांगायचं काम चाललं होतं, वॉर्डबॉय शिडीवर होता, दोन-तीन नर्स खाली उभ्या होत्या. सगळ्यांदेखत सिस्टरनी विचारलं, "सगुणाबाई, ही कोण?"

"लेक हाय माझी," आई म्हणाली. "इस्तेर नाव हाय."

"तुम्ही तर सांगितलं होतं तुम्हाला कोणी नाही. म्हणून खोली दिली तुम्हाला."

"खोटं सांगितलं व्हतं."

शिडीवरचा वॉर्डबॉय हातातली चांदणी तशीच धरून खाली बघत राहिला. "अहो, पण नियम आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्या खोल्यांत मुलं ठेवता येत नाहीत."

"असू द्या नियम," आई म्हणाली. "लेकीनं सकाळपासून काही खाल्लं न्हाई. आधी आम्ही जेवून घेतो. मग सांगा काय सांगायचं ते."

आणि सिस्टर बाजूला होण्याची वाट न बघता ती माझा हात धरून पायऱ्या चढली.